पैठणचे नऊ राघू

आमची कुलदेवी तुकाई सिन्नरच्या पुढे एका लहानशा खेड्यात, चार लिंबांच्या सावलीत बसलेली आहे. तिला हातमागावरचे महावस्त्र नेसवावे, ही इच्छा मी निवृत्त झाल्या दिवसापासून मनात बाळगून होते. पस्तीस वर्षे मुलींना संस्कृत शिकवून साठवलेल्या पैशांतून एक वस्त्र तरी देवीचे व्हावे, एवढेच. या चैत्रात पैठणच्या एका विणकर कुटुंबाशी दूरध्वनीवरून बोलणे झाले. पदरावर काय हवे, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी राघू सांगितले. देवीच्या ध्यानवर्णनांत तिच्या हाती शुक असतो, हे मला पाठ होते. नवरात्राच्या नऊ रात्री, म्हणून नऊ राघू. वस्त्र मागावर चढले असा निरोप श्रावणाच्या आरंभी आला आणि मला राहवेना. पूर्ण झालेले वस्त्र सगळेच पाहतात. ते होत असताना, अर्धे सूत आणि अर्धे चित्र असताना एकदा पाहावे, असे फार वाटू लागले.

माझी धाकटी बहीण शालन सोबतीला आली. ती सहासष्ट वर्षांची आहे, मी त्र्याहत्तर. तरी पिशवी कुणी उचलायची यावरून अजून वाद होतात. पैठण्यांचे येवला नाशिकहून दोन तासांवर असताना मी तिप्पट लांब का निघाले, हा तिचा प्रश्न होता. मी सांगितले की पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान, आणि त्या नगराचे नाव मी जुन्या पोथ्यांतून बालपणापासून वाचत आले आहे. त्यावर ती म्हणाली, “पोथीतल्या गावाला एस.टी. जाते का, ते आधी बघ, अक्का.”

एस.टी. जाते. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला बसने साडेचार ते पाच तास लागतात आणि बायकांना अर्धे तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. खिडकी डाव्या बाजूची धरा. सकाळचे ऊन उजवीकडून येते. येवल्याच्या स्थानकात बस दहा मिनिटे थांबली, तेव्हा शालन एक शब्द बोलली नाही. पैठण्यांच्या पाट्या दिसत होत्या, त्यांच्याकडे क्रमाक्रमाने बोट दाखवत राहिली. वैजापूरनंतर मात्र दोघीही खिडकीबाहेर पाहत राहिलो. मका पुरुषभर वाढलेला, कपाशीला पिवळी फुले, आणि साऱ्या रानावरून ढगांच्या सावल्या सावकाश सरकत होत्या. एक सावली शेतावर चढे तेव्हा हिरवा रंग निळसर होई, उतरे तेव्हा पुन्हा सोनेरी. ताण्याला एक रंग आणि बाण्याला दुसरा घेऊन विणलेल्या रेशमाला धूपछाव म्हणतात. तो शब्द कुणाला सुचला असेल, ते त्या खिडकीत बसून मला कळल्यासारखे वाटले.

शहरात आम्ही क्रांती चौकाजवळ उतरलो. खोलीला बाराशे रुपये पडले, स्वच्छ होती. चौकातला गोंगाट खिडकी लावली तरी आत येतो, म्हणून झोप हलकी असणाऱ्यांनी मागच्या बाजूची खोली मागावी. संध्याकाळी जुन्या शहरात एका हिमरूच्या दुकानात गेलो. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेले इथले जुने वस्त्र. दुकानातले पांढऱ्या दाढीचे चाचा आमच्यापुढे शाली उलगडत होते. त्यांच्या आजोबांच्या काळी हैदराबादच्या घराघरांतून शेरवानीच्या कापडाला मागणी येई. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, तशी ती एकाएकी थांबली, आणि वडिलांनी माग विकून सायकली भाड्याने देण्याचा धंदा काढला, असे त्यांनी अगदी सहज सांगितले. मग शालनने शाल घेताना फार घासाघीस केली, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, “अम्मा, इनको पैठण नको ले जाओ. विणनेवाले भाग जाते.” शालनला हे इतके आवडले की तिने शाल सांगितल्या भावात घेतली.

जवळच जिलबीसारखी गरम इम्रती मिळाली. पिठले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा असे जेवण मागितले, तर वाढणाऱ्याने दोन वेळा विचारले, ठेचा झेपेल ना. झेपला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैठणची बस धरली. दीड तास लागतो. रस्ता बराचसा सरळ आहे, दुतर्फा झाडे कुठे दाट, कुठे विरळ. आणि गाव जवळ येते तशी हवेत पाण्याची ओल जाणवू लागते. गोदावरी दिसायच्या आधी अशी कळते.

विणकरांचे घर बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत माग. देवकाबाई साठीच्या, उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांची सून रंजना तिशीची, बोटे लांब आणि शांत. देवकाबाईंचा मुलगा चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला जातो. माग या दोघींचा. चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत आलो, तेव्हा रंजना मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. आम्हाला पाहून ती उठली नाही, नुसती हसली. हात मध्येच सोडता येत नव्हता.

मला जे दिसले ते कसे सांगावे, कळत नाही. ताण्याचे जांभळे धागे पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले, इतके बारीक आणि इतके जवळजवळ, की ते धागे न वाटता स्थिर पाणी वाटावे. त्या पाण्याखाली कागदावरचा नकाशा सरकवलेला होता. वर कोवळ्या हिरव्या, लाल, पांढऱ्या रेशमाच्या लहान लहान कांड्या ओळीने लोंबत होत्या. रंजना एक कांडी उचले, चार धाग्यांखालून नेई, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवी आणि खाली ठेवी, मग दुसरी. राघूच्या एका डोळ्याला तीन कांड्या लागतात. एक ओळ भरली की फणी ओढून ठोका. असे दिवसभर केल्यावर जेमतेम अर्ध्या बोटाएवढा पदर होतो. पदराची जमीन सगळी जरीची असते आणि चित्र रेशमाचे. म्हणून पक्षी सोन्यातून उगवत आहेत असे दिसते. उलटी बाजू नावाला नाही. खालून पाहिले तरी तेच राघू, तीच कोवळी फांदी. जगाला आधार देणारे तत्त्व विश्वात उभे-आडवे विणलेले आहे, असे आपली शास्त्रे सांगतात. मुलींना ते शिकवताना मी फळ्यावर रेघा काढून दाखवीत असे. त्या रेघांना इतका मऊ आवाज असतो, हे मला ठाऊक नव्हते.

देवकाबाईंनी चहा आणला आणि सांगितले की हा पदर रंजनाचा पहिलाच. आजवर ती किनार करी, पदराला सासू बसे. देवीचे वस्त्र आहे म्हटल्यावर तिने स्वतःहून मागून घेतला. “लई मागं लागली. आंघोळ केल्याबिगर मागावर बसत नाय. शुक्रवारी उपास. म्हनलं, बस मंग. बिघडलं तर देवी आन तू.” रंजना खाली मान घालून ऐकत होती, पण कान तांबडे झालेले दिसत होते. काठाच्या कोयऱ्या आणि नऊ राघूंची पूर्ण ओळ तिने संपवली होती. वीतभर पदर, चोवीस दिवस.

मग देवकाबाई म्हणाल्या की घरात देवीचा फोटो असावा, मागाच्या खांबाला लावतो. माझ्याकडे नव्हता. गाभाऱ्यात छायाचित्र काढू नये, हा माझा कडक नियम. शालनने पदराआडून आपला मोबाइल काढला. गेल्या नवरात्रात तिने देवीचा फोटो गुपचूप काढलेला होता. मी रागाने पाहिले, तर ती म्हणाली, तू डोळे मिटून उभी होतीस, तुला कसे कळणार.

देवकाबाईंनी तो पाहून हात जोडले आणि सुनेकडे दिला. रंजनाने दोन बोटांनी चित्र मोठे केले. बराच वेळ पाहिले. हातातली कांडी खाली ठेवली आणि मला विचारले, “आई, देवीला पदर असाच घेत्यात का? दरसाल?”

मी होय म्हणाले, कारण मला काय विचारले जाते आहे ते कळले नव्हते. तिने उठून आपलाच पदर हातात धरून दाखवले. बाईच्या अंगावर पदर खांद्यावरून पाठीवर पडतो, टोक खाली लोंबते. म्हणून विणताना राघूंचे पाय टोकाकडे ठेवतात. आमच्या तुकाईला मात्र निऱ्या पायथ्याशी बसवून पदर समोरून वर नेतात आणि त्याचे टोक मुखवट्यामागे खोचतात. म्हणजे पदराचे टोक वर. म्हणजे नऊही राघूंचे पाय आभाळाकडे आणि चोची जमिनीकडे.

 पन्नास वर्षे मी त्या देवीपुढे उभी राहिले आहे. तिची तीन स्तोत्रे मला येतात, तिच्या आयुधांचा क्रम येतो. पदर खालून वर जातो की वरून खाली येतो, हे मला सांगता आले नसते. चैत्रात देवकाबाईंनीच मला दूरध्वनीवर विचारले होते, पदर नेहमीसारखाच ना. आणि मी मोठ्या विश्वासाने हो म्हटले होते.

मी म्हणाले, उसवून पुन्हा विणा, जास्तीचे मी देईन. देवकाबाईंनी मान हलवली. नवरात्राला पाच आठवडे उरलेले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उसवलेले रेशीम त्यांच्या घरात देवाला घालत नाहीत. एकदा विणून सोडवले की ते उष्टे. सासऱ्यांपासून चालत आलेला नियम. नियम म्हटल्यावर मी हट्ट सोडला. मग मीच दुसरा मार्ग सुचवला. हे वस्त्र एखाद्या दुकानाला द्यावे. नवरीच्या पाठीवर राघू सरळच दिसतील. देवीला मी या वर्षी साधी रेशमी नेसवीन. उलटे पक्षी मी तिच्या अंगावर घालू शकत नाही, तो अपचार होईल. देवकाबाई व्यवहारी. विणून झाले की दुकानदार लगेच नेईल, म्हणाल्या.

रंजना कांड्या गुंडाळू लागली. एकेक कांडी पुसून डब्यात. आम्ही उठलो.

दुपारी घाटावर गेलो. पैठणला आलात तर दुपार घाटावर घालवा, असे मी एरवीही सांगितले असते. पात्र भरलेले, पाण्याचा रंग मातकट हिरवा, आणि पायऱ्यांवर ओल्या कपड्यांच्या पट्ट्या वाळत पडलेल्या. मी जप करायला बसले. मन लागेना. पाण्यात घाटाच्या कमानी, देवळाचे शिखर, कठड्यावरचा एक कावळा, सगळे उलटे थरथरत होते. शालन शेंगा सोलत होती. ती सहसा माझ्याशी गंभीर बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

“अक्का, न बघणं तुझं आणि भोगायचं त्या पोरीनं. तिचा पहिला पदर आहे.”

मी म्हणाले, देवीपुढे कुणाच्या पहिल्या पदराचा विचार करायचा नसतो, जे निर्दोष तेच अर्पण करायचे. ती म्हणाली, त्या पोरीने उपास केले, तू काय केलेस?   शेंगांची टरफले तिने पिशवीत भरली आणि म्हणाली, चल, निदान तिला तोंडावर सांग. सासूला सांगून काय उपयोग.

पाचच्या सुमारास पुन्हा त्या घरी गेलो. देवकाबाई दळण आणायला गेल्या होत्या. रंजना मागापाशी बसलेली, विणत नव्हती. शालनचा मोबाइल आम्ही तिथेच विसरलो होतो आणि तो तिने विणलेल्या पदरावर, राघूंच्या शेजारी ठेवला होता. मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि सांगितले, चूक माझी आहे, तुझी नाही. तुझा हात फार सुंदर आहे. हे वस्त्र मोठ्या घरी जाईल. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “एक बोलू का आई? रागवू नका.”

मी होकार दिला.

तिने स्वतःच्या पदराचे टोक उचलून हनुवटीखाली धरले, बाकीचा पदर मांडीपर्यंत पसरला आणि मान खाली घातली. तिच्या साध्या सुती पदरावर छापील मोर होते. समोरून मला ते उलटे दिसत होते.

“तुमच्या बाजूनं उलटे हायेत. माझ्या बाजूनं बघा. देवी बसलेली हाय नं? तिनं खाली बघितलं की राघू सरळ दिसत्यात. लोकांला दाखवायला इणलं असंल तर चुकलं. तिच्यासाठी इणलं असंल तर नाय चुकलं.”

मी उठून तिच्या मागे गेले, तिच्या खांद्यावरून वाकून पाहिले. मोर सरळ होते.

मला त्या क्षणी कोणतेही वचन आठवले नाही. जन्मभर दर्शनाला जाते म्हणताना आपण तिला पाहायला जातो असेच मी धरून चालले होते. तीही तिथे बसून काही पाहत असेल, वर्षानुवर्षे तिच्या मांडीवर कुणी कुणी वस्त्रे पसरली असतील आणि साऱ्यांनी त्यांवरची चित्रे आपल्याकडे तोंड करून ठेवली असतील, हे कधी मनात आले नव्हते. शालन उंबऱ्यात उभी होती. 

मी रंजनाला म्हणाले, उरलेला पदरही याच दिशेने विण. ती हसली आणि डब्यातून कांड्या काढू लागली. देवकाबाई परत आल्या तेव्हा ठोके सुरू झालेले होते. त्यांनी दळण खाली ठेवत विचारले, मग दुकानदाराला काय सांगू? शालन म्हणाली, सांगा, नवरी मिळाली.

संध्याकाळच्या बसने शहरात आलो. पश्चिमेला सगळे आकाश जांभळे झाले होते आणि त्याच्या काठाला बारीक जरीची रेघ होती. शालन माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. उंच विजेच्या तारांवर पक्ष्यांच्या ओळी बसलेल्या होत्या. अंधुक प्रकाशात ते राघू नव्हते हे ठाऊक असूनही मी ते मोजत राहिले आणि दर वेळी नऊवर थांबले. तिसऱ्या दिवशी नाशिक.

नवरात्राच्या चार दिवस आधी वस्त्र आले. घटस्थापनेच्या सकाळी आम्ही दोघी ते घेऊन देवळात गेलो. ज्यांचे महावस्त्र असते त्या घरच्यांना नेसवताना गाभाऱ्यात उभे राहता येते. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. गुरवांनी निऱ्या बसवल्या, पदर सोडला, वर नेला, टोक मुखवट्यामागे खोचले आणि मग ते थबकले. “बाई, पाखरं उलटी झाली की. फसवलं तुम्हाला पैठणवाल्यांनी.”

मी सांगितले, नाही, सांगून करवून घेतली आहेत. ते माझ्याकडे काळजीने पाहू लागले. वय झाले, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. बाहेर दर्शनाला आलेल्या बायकांतही कुजबूज झाली. एकीने शालनला विचारले, आणि शालनने तिला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण ती बाई मान तिरपी करून पुन्हा पाहू लागली. सगळ्यांना पटले असे मी म्हणणार नाही. गुरवांना अजून पटलेले नाही.

समईत तेल घालायच्या निमित्ताने मी देवीच्या बाजूला गेले. तिच्या मुखवट्याच्या उंचीवर येण्यासाठी फार वाकावे लागले; गुडघे बोलले. तिच्या गालाशेजारी गाल नेऊन मी खाली पाहिले. समईच्या उजेडात जरी हलत होती, आणि तिच्यावर नऊ राघू आपापल्या फांदीवर, लाल चोच किंचित उघडून, नीट बसलेले होते.

ज्यांना पैठणी विणून घ्यायची असेल त्यांना माझे सांगणे इतकेच: पाच-सहा महिने आधी सांगा, एकदा तरी मागावर जाऊन पाहा, चपला बाहेर काढा, आणि वस्त्र कोण नेसणार, कसे नेसणार, ते नीट बघून जा.

घरी आल्यावर रंजनाला दूरध्वनी केला. मागाचा ठोका थांबल्याचा आवाज आला. नेसवल्याचे, आरतीचे, बायकांच्या कुजबुजीचेही मी सांगितले. तिने त्यातले काही धरले नाही. एवढेच विचारले, “तिच्या बाजूनं कुणी बघितलं का?”

मी म्हणाले, मी पाहिले.

 पलीकडे फणीचा ठोका पडला, आणि दुसरा.